राहिलेला हात

भिका बिऱ्हाडेचा उजवा हात कोपराच्या थोडा खाली संपतो. नवीन माणूस भेटला की हे तो स्वतःच आधी सांगून टाकतो, म्हणजे समोरच्याला चोरून पाहत बसावं लागत नाही. हे अलीकडचं. सुरुवातीला तो ऐन उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालायचा आणि उजवी बाही पँटच्या खिशात खोचून ठेवायचा. लांबून वाटावं, माणूस खिशात हात घालून आरामात उभा आहे.

तो मूळचा एरंडोलजवळच्या एका खेड्यातला. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून पार्वताबाईनं या मुलाचं नाव भिका ठेवलं. मागून घेतलेला, तो भिका. पार्वताबाई कपाशी वेचायला, निंदायला, मिळेल त्या कामाला जायची. बौद्धवाड्यातल्या त्या घरात दहावी झालेला हा पहिलाच. पुढे जळगावला आयटीआय करून तो वायरमन झाला, वीज कंपनीत लागला आणि लाइनमन झाला. लेकीच्या शाळेसाठी जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात घर घेतलं. बायको कामिनी तिथल्याच अंगणवाडीत सेविका. लेक प्राची. भिका रोज मोटरसायकलवर पिंप्राळ्याहून एरंडोलला जायचा आणि अंधार पडायच्या सुमाराला परत यायचा.

कामाला तो चोख होता, आणि माणूस म्हणून मऊ. एकदा नव्यानं लागलेल्या एकाच्या हातून खांबावरून पक्कड सुटली आणि भिकाच्या खांद्याला घासून खाली पडली. तो पोरगा पांढराफटक पडला. भिकानं पक्कड उचलली, पुसली आणि वर पाहून म्हणाला, "सगळ्यांच्याच हातून पडते पहिल्यांदा. दोरी बांध तिला." विषय संपला. त्याच आठवड्यात भिकाच्या हातून एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूजची तार चुकीची बसली. नुकसान काही झालं नाही, लाइट तेवढी अर्धा तास उशिरा आली. त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाही. संध्याकाळी कामिनीनं भरलेला डबा पाहिला आणि काही विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला त्या भरल्या डब्याचा अर्थ कळत होता.

हाताखालच्या माणसांना तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. "आधी अर्थिंग, मग हात." लाइनवर काम करायचं तर सबस्टेशनला फोन करून लाइट बंद करवून घ्यायची, तिथल्या ऑपरेटरची परवानगी घ्यायची. पण तेवढ्यावर भागत नाही. एका लांब काठीला आकडा असतो, आकड्याला वायर. आकडा तारेत अडकवायचा आणि वायरचं दुसरं टोक जमिनीत. मग कुठल्याही आडवाटेनं करंट आला तरी तो माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जातो. या काठीला सगळे नुसतं रॉड म्हणतात. भिकाचं म्हणणं असं, की परवानगी हा दुसऱ्याचा शब्द आहे आणि रॉड हा आपला. दुसऱ्याच्या शब्दावर जीव टाकू नये.

वैशाखातली लगीनसराई होती. दुपारी वावटळ उठली आणि पद्मालयाच्या बाजूच्या एका गावात निंबाची फांदी लाइनवर पडली. भिका आणि त्याचा सहकारी भूपेंद्र तिथं पोचले तेव्हा गावात तीन घरी हळद होती, पाण्याची मोटर बंद होती आणि बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. एक म्हातारे आबा तर भिकाच्या मोटरसायकलचं हँडल धरूनच उभे राहिले. "भाऊ, तेवढं लवकर करा. पाव्हणे येई लागनात."

भिकानं मोटरसायकलकडे पाहिलं. रॉड नव्हता. रोज असायचा, त्या दिवशी नव्हता. तो आणायला एरंडोलला जाऊन यायचं म्हणजे बराच वेळ गेला असता. त्यानं सबस्टेशनला फोन केला. लाइट बंद असल्याची खात्री करून घेतली, परवानगी घेतली. भूपेंद्रला फांदी तोडायला लावलं आणि कमरेचा पट्टा बांधून स्वतः खांबावर चढला.

हळदीच्या एका घरी भाड्यानं जनरेटर आणलेला होता. घरची जोडणी कंपनीच्या लाइनपासून तोडल्याशिवाय जनरेटर लावायचा नसतो. तिथं ते कुणी केलं नव्हतं. डीजेवाल्यानं घाई केली म्हणून जनरेटर सुरू झाला, आणि त्याचा करंट घरातून उलटा डीपीकडे आणि डीपीतून वरच्या तारेत आला. भिकाचा उजवा हात तारेवर होता.

तो पट्ट्याला लटकून राहिला. जनरेटर बंद झाल्यावर भूपेंद्रनं त्याला खाली उतरवलं. एरंडोलच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच धुळ्याला हलवायला सांगितलं. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात आधी हात वाचवायचा प्रयत्न झाला. मनगट काळं पडत गेलं तेव्हा डॉक्टरांनी कामिनीला बाजूला बोलावलं. भिका शुद्धीवर होता. तिचा चेहरा पाहूनच म्हणाला, "काढून टाका म्हणा."

चौकशीला कंपनीचे साहेब दवाखान्यात आले. जनरेटर लावणाऱ्याची चूक उघड होती. साहेब चांगले होते. त्यांनी त्याबद्दलच विचारायला सुरुवात केली. भिकानं त्यांना मधेच थांबवलं.

"साहेब, मी अर्थिंग केलं नव्हतं."

साहेबांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "आराम करा, बिऱ्हाडे."

हात गेल्याचं दुःख असतं, ते होतंच. पण घरी आल्यावर कामिनीला जे दिसायला लागलं ते दुःखासारखं नव्हतं, शिक्षेसारखं होतं. भिका सगळ्यांबरोबर जेवायला बसेना. डाव्या हातानं जेवणं त्याला कमीपणाचं वाटत होतं, आणि चमचा दिला तर तो बाजूला सारायचा. सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि गार झालेली भाकरी गुडघ्याखाली दाबून डाव्या हातानं तोडायचा. शर्टाची बटणं कुणाला लावू द्यायचा नाही. बटणं लावायला अर्धी सकाळ गेली तरी चालेल. कामिनी मदतीला गेली की म्हणायचा, "राहू दे. माझ्या कर्माचं मला करू दे."

जखमेवरची पट्टी कामिनी बदलायची. तेव्हा तो मान वळवून खिडकीबाहेर पाहायचा. पट्टी सुटली, जखम भरली, तरी त्यानं त्या हाताकडे पाहिलं नाही. आंघोळीच्या वेळी दार लावून घ्यायचा. एकदा प्राचीला आतून आवाज आला. पप्पा कुणाला तरी शिव्या देत होते. घाणेरड्या, तिनं त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या. तिला वाटलं फोनवर कुणाशी भांडण चाललंय. मग दिसलं की फोन तर बाहेर टीव्हीजवळ आहे.

तिनं आईला सांगितलं. कामिनी म्हणाली, "माहीत आहे मला. रोजच चालतं."

विहारात पौर्णिमेला घरची मंडळी जायची. भिकाही जायचा, मागं बसायचा. भंते मैत्री भावना घ्यायचे. त्यात आधी स्वतःचं सुख चिंतायचं, मग घरच्यांचं, मग शेजाऱ्यांचं, मग सगळ्या जिवांचं. स्वतःचं चिंतायची वेळ आली की भिका ओठ मिटून बसायचा. शेजाऱ्यांपासून पुढे मात्र त्याचा आवाज मोकळा लागायचा. कामिनीच्या हे लक्षात आलं होतं.

काही महिन्यांनी कंपनीनं त्याला परत कामावर घेतलं, एरंडोलच्याच तक्रार केंद्रात. आता तो एसटीनं जायचा. टेबल, खुर्ची आणि फोन. लाइट गेली की लोक फोन करतात आणि आधी तोंड सोडतात. भिका ऐकून घ्यायचा. "हो नाना, कळतं मला. पोरगं आजारी आहे ना घरी? माणूस निघाला आहे. तोवर ओल्या फडक्यानं अंग पुसा त्याचं." शिव्या देणारा नाना शेवटी 'बरं भाऊ' म्हणून फोन ठेवायचा. केंद्रातल्या लोकांना वाटायचं, बिऱ्हाडे सावरला.

तो सावरला नव्हता. नसलेला हात दुखत होता. ज्यांचा हात-पाय जातो त्यांच्यापैकी अनेकांना हे होतं; भिकाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याला वाटायचं, आपली उजवी मूठ घट्ट आवळलेली आहे आणि नखं तळव्यात रुतत आहेत. मूठ उघडावी तर उघडता येत नाही, कारण मूठच नाही. कळ आली की तो दात आवळून बसून राहायचा. डॉक्टरांना सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही. आपण जे केलं त्याचं हे बरोबरच आहे, असा त्याचा हिशेब होता.

एका रविवारी दुपारी प्राचीनं त्याला टॉवेल दातांत धरून बसलेला पाहिलं. त्या मुलीनं फार बोलाचाली केली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवलं, बापाला रिक्षात घातलं आणि शहरातल्या एका फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. त्या फिजिओथेरपिस्टचं नाव ऋतिका. वयानं प्राचीपेक्षा फार मोठी नसावी. बोलणं सरळ.

"काका, किती दुखतं?"

"दुखू द्या, मॅडम. चूक माझीच होती."

"मी चूक विचारली नाही. दुखतं किती, ते विचारलं."

भिका म्हणाला, "लई दुखतं." हे त्यानं पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

ऋतिकानं समजावलं. हात गेला तरी त्याच्या नसा आणि मेंदू यांना ते कळलेलं नाही. ते अजून हात शोधत आहेत. "त्या नसांना चूकबीक काही कळत नाही, काका. तुम्ही त्यांना कशाची शिक्षा देताय?"

मग तिनं दोन गोष्टी करायला सांगितल्या. एक आरशाची. टेबलावर आरसा उभा ठेवायचा, उरलेला उजवा हात आरशाच्या मागं, डावा हात पुढं. आरशात पाहिलं की डाव्या हाताचं प्रतिबिंब उजव्या हातासारखं दिसतं. डावी मूठ सावकाश आवळायची, सावकाश उघडायची आणि पाहत राहायचं. दुसरी गोष्ट तेलाची. उरलेल्या हाताला रोज कोमट तेल लावून चोळायचं, हळूहळू, टोकापर्यंत. आणि तेल लावताना त्याच्याकडे पाहायचं.

"बायको लावील," भिका म्हणाला.

"नाही. तुम्ही लावायचं."

तिनं समोरच लावून दाखवायला सांगितलं. भिकानं वाटीत बोटं बुडवली, मान दुसरीकडे वळवली आणि खसाखसा घासायला लागला. ऋतिकानं त्याचं मनगट धरलं. "काका, भांडं घासताय का? लहान बाळाला लावतात तसं लावा."

घरी आल्यावर आरसा मांडला गेला. कपाटाचा जुना आरसा प्राचीनं खोक्याला टेकवून बसवला. भिका रोज त्यासमोर बसायचा, कारण प्राची समोर उभी राहायची. काही होत नव्हतं. तेलाची वाटी मात्र तशीच राहायची. कामिनीनं विचारलं की म्हणायचा, "लावलं." वाटीतलं तेल कमी होत नव्हतं.

त्या सुमारास पार्वताबाई गावाहून राहायला आली. वय झालेलं, डोळ्यांना कमी दिसायचं, कान मात्र शाबूत. हात गेल्यावर ती धुळ्याला आली होती, तेव्हा रडून झालं होतं. आता ती ओट्यावर बसून लसूण सोलायची आणि घराचे आवाज ऐकायची.

एका सकाळी भिका न्हाणीतून बाहेर आला तशी तिनं हाक मारली.

"भिका, कोन्हले शिव्या दी ऱ्हायना रे?"

"कोन्हले नही, माय."

"मी बहिरी नही व्हयनी."

ती म्हणाली, "आठे बस." तो बसला. तिनं चाचपत त्याचा उजवा हात शोधला, बाही वर सारली आणि उरलेला हात आपल्या मांडीवर घेतला. त्यानं काढून घ्यायचा प्रयत्न केला. तिनं सोडला नाही.

"हाऊ हात मन्हा वाढायेल शे. तू त्याले शिव्या देस, त्या माले लागतस."

भिका म्हणाला, "माय, चूक मन्हीच व्हती. मी बठ्ठासले शिकाडू आन मीच—"

"व्हती ना. मी कोठे नही म्हनस?" ती म्हणाली. "चूक व्हयनी, हात गया. जो ऱ्हायना त्यानी काय चूक करी? अर्धा ऱ्हायना म्हनीसन तो परका व्हयना का?"

मग तिनं सुनेला तेल आणायला सांगितलं. कामिनीनं वाटी कोमट करून आणली. पार्वताबाईनं ती भिकाच्या पुढं ठेवली आणि स्वतः हात मागं घेतले.

"लाव. मी देखस."

तिला धड दिसत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. भिकानं डाव्या हाताची बोटं तेलात बुडवली आणि उजव्या हाताच्या टोकावर ठेवली. तिथली कातडी पातळ, गुळगुळीत आणि गरम होती. त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं. टाक्यांची आडवी रेघ होती. रेघेच्या एका टोकाला कातडीची छोटी घडी पडली होती. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते साधं होतं. भयंकर काही नव्हतं. तो हळूहळू तेल लावत राहिला. पार्वताबाई लसूण सोलायला लागली.

पुढं रोज सकाळी हे होऊ लागलं. पार्वताबाई गावी परत गेली तरी चालू राहिलं. आणि थोड्या आठवड्यांनी एकदा आरशासमोर बसलेला असताना भिकानं डावी मूठ उघडली, आरशातली मूठ उघडली, आणि आतली, ती कायम आवळलेली, तीही सुटल्यासारखी झाली. तो उठला, नळाखाली तोंड धुतलं आणि परत येऊन बसला. प्राचीनं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. परत करून पाहू."

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण माणसाची सवय एवढ्यानं सुटत नाही. हाताशी त्याचं जमलं. स्वतःशी जमायचं बाकी होतं. न्हाणीतल्या शिव्या कमी झाल्या तरी अधूनमधून ऐकू यायच्या. आणि तो अजून भिंतीकडे तोंड करूनच जेवत होता.

अपघाताला दीड वर्ष होत आलं तेव्हा, दिवाळीच्या आधी, भूपेंद्र घरी आला. अपघातानंतर तो दवाखान्यात रोज यायचा, मग त्याचं येणं कमी होत होत बंदच झालं होतं. केंद्रातही तो भिकाला टाळायचा. फोनवर तक्रार घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. भिकाला वाटायचं, लुळ्यापांगळ्या माणसाकडे कोण कशाला येईल.

कामिनीनं चहा ठेवला. भूपेंद्र बसला तो खुर्चीच्या कडेवर. चहा आला तरी कपाला हात लावेना.

"भाऊ, एक सांगायचं होतं. त्या दिवशी रॉड माझ्याकडं होता."

भिकानं त्याच्याकडे पाहिलं.

"सकाळी उत्राणच्या लाइनवर नेला होता मी, तुमच्या गाडीवरून काढून. तिथंच एकाच्या खळ्यात राहिला. तुम्ही गाडीकडे पाहिलं तेव्हा मला कळलं होतं काय शोधताय ते. मी बोललो नाही. वाटलं, तुम्ही रागवाल. नंतर साहेबांनी विचारलं तेव्हाही बोललो नाही." भूपेंद्रचा आवाज फाटला. "झोप नाही लागत भाऊ. लेकरांवर हात उचलतो मी आता. असा नव्हतो."

स्वयंपाकघराच्या दारात कामिनी थांबली. तिला वाटलं आता काहीतरी फुटेल.

भिका म्हणाला, "अरे, कामाच्या धबडग्यात राहतं माणसाचं. त्यात काय एवढं?"

"भाऊ, तुमचा हात गेला."

"हात गेला. पण तू काय हात घालवायला रॉड नेला होता? काम होतं म्हणून नेला. विसरलास. त्याला काय गुन्हा म्हणायचं?" मग तो थांबला. "आणि रॉड नाही हे मला माहीत होतं. चढायचं की नाही, ते माझं मी ठरवलं. तुझं ओझं तेवढंच, माझं माझ्याकडं."

"तुम्ही तरी का चढलात भाऊ?"

भिकानं विचार केला. हा प्रश्न त्याला असा, साधा, कुणी विचारला नव्हता. त्यानं स्वतःही विचारला नव्हता. "बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. आबा हँडल सोडत नव्हते. म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे." त्यानं कप बाजूला सारला. "लोकांचं पाणी अडलं होतं म्हणून चढलो."

"मग?" भूपेंद्र म्हणाला.

"मग काय. चुकलं."

चहा गार झाला होता. कामिनीनं तो परत नेऊन गरम केला. भिकानं भूपेंद्रला सांगितलं, "लेकरांवर हात उचलू नको. आणि आज इथंच जेव."

त्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं भरीत होतं. ताटं वाढली. पाहुणा घरात असताना भिंतीकडे तोंड करून बसणं बरं दिसलं नसतं. भिका भूपेंद्रच्या शेजारी बसला. कामिनीनं त्याच्या ताटातली भाकरी चुरून ठेवली आणि बाजूला चमचा ठेवला. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, चमचा उचलला आणि जेवला.

भूपेंद्र गेल्यावर कामिनी ताटं उचलताना म्हणाली, "त्याला किती पटकन सोडलंत."

"सोडायचं काय त्यात? चूक झाली त्याच्या हातून."

"हो ना," ती म्हणाली आणि ताटं घेऊन आत गेली.

भिका बसून राहिला. त्याला त्या क्षणी काही मोठं उमगलं असं त्यानं कधी सांगितलं नाही. तो एवढंच सांगतो की दुसऱ्या दिवशी न्हाणीत पाण्याचा तांब्या हातातून निसटला, तोंडात नेहमीची शिवी आली आणि ती देताना अडखळल्यासारखं झालं. आपण हीच शिवी काल भूपेंद्रला दिली असती का, असं मनात आलं. नसती दिली. मग त्यानं तांब्या उचलला आणि आंघोळ केली.

असं पुष्कळ वेळा झालं. काही वेळा शिवी बाहेर पडायची, काही वेळा पडायची नाही. बटणं लावताना वेळ लागला तर तो कामिनीला हाक मारायला शिकला. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा ती अंगणवाडीला निघाली होती, पायात चप्पल घातलेली. ती तशीच आत आली, बटणं लावली आणि गेली.

जानेवारीत कंपनीचा सुरक्षा सप्ताह असतो. जळगावच्या कार्यालयात नव्या-जुन्या लाइनमनना बोलावतात. साहेबांनी भिकाला विचारलं, चार शब्द बोलाल का. आधीच्या वर्षीही विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, माझ्यासारख्या मूर्खाकडून लोक काय शिकतील. या वर्षी हो म्हणाला.

तो उभा राहिला तेव्हा अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. पुढच्या रांगेतली पोरं हाताकडे पाहायला लागली. त्यानं त्यांना पाहू दिलं.

"मी चांगला लाइनमन होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी मी अर्थिंग केलं नाही." मग सगळं क्रमानं सांगितलं. हंडे, आबा, रॉड नसणं, जनरेटर. कुणाचं नाव घेतलं नाही, स्वतःची बाजू सावरली नाही, आणि स्वतःला एकही वाईट शब्द वापरला नाही. सभागृहात मागं भूपेंद्र बसला होता. तो खाली पाहत होता, पण उठून गेला नाही.

"रॉड गाडीवर नसेल तर चढू नका," भिका शेवटी म्हणाला. "लोक बोलतील. बोलू द्या. आणि रॉड कुणाचा नेलात तर फोन करून सांगा. बस."

एका नव्या मुलानं हात वर केला. "भाऊ, तुम्हाला राग नाही येत? म्हणजे स्वतःचा?"

भिका हसला. "येतो ना. आला की मी आधी जेवून घेतो."

लोक हसले. साहेबांना वाटलं, विनोद केला. कामिनी तिथं असती तर तिला कळलं असतं की तो खरं सांगत होता.

त्यानंतरही दुखणं पूर्ण गेलं असं नाही. थंडीत आणि ढगाळ हवेत कळ येते. कृत्रिम हात मिळाला आहे. तो लग्नकार्यात लावतो, एरवी त्याला जड होतो. विहारात तो अजूनही मागंच बसतो. स्वतःचं सुख चिंतायची ओळ आता म्हणतो, पण पुटपुटत. शेजारी बसलेल्याला ऐकू येईल इतकी नाही.

मागच्या श्रावणात एका सोमवारी त्याला कणकण वाटत होती. ताप फार नव्हता. डोकं जड होतं, अंग मोडून आलं होतं. तो उठला, तोंड धुतलं, एसटीची वेळ झाली म्हणून पँट चढवली आणि पलंगावर बसला. मग फोन उचलून केंद्रात लावला.

"आज येत नाही मी. बरं वाटत नाही."

तिकडून विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "विशेष काही नाही. जरा पडतो."

त्यानं पँट काढून लुंगी नेसली आणि पंखा बारीक केला. दुपारी कामिनी अंगणवाडीतून आली तेव्हा तो गाढ झोपलेला होता, तोंड उघडं. बाहेर भाजीवाला ओरडत होता. तिनं खिडकी लोटून घेतली आणि कुकरला मऊ खिचडी लावली.